सीटखालचा नट

पुण्याला ‘सायकलींचं शहर’ म्हणत, त्या काळी बऱ्याच घरांत सायकल एकच असे आणि तिची सीट कर्त्या माणसाच्या मापाची. मुलं शिकत ती तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलवर. सीटखालचा नट पान्याशिवाय हलत नसे. मग नळीखालून पाय घालून, अर्धं पायडल मारत पोरं तोल शिकली.

खरं तर माणसाला सायकलच्या मापातून सोडवलं ते याच सोयीने. १८७०च्या दशकातल्या उंच सायकलींचं पायडल थेट पुढच्या चाकाला असे. पाय जेवढा लांब, तेवढंच मोठं चाक. १८८५मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली. साखळी मागचं चाक फिरवू लागली आणि मापाचा प्रश्न सीटच्या दांड्यावर आला.

२०१७च्या अखेरीस पुण्यात ॲपवरच्या भाड्याच्या सायकली आल्या, तेव्हा सीटखाली नटाऐवजी खटका होता. तरी अनेक जण दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खालीच ठेवतात आणि गुडघे दुखवून घेतात.

पायडल तळाला नेऊन त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला, तर सीट तुमच्या मापाची. चालवताना चवडा ठेवलात, की गुडघा किंचित वाकलेला राहील. मागच्या पिढीतल्या पोरांना एवढंही मिळालं नव्हतं.