आत्मपरीक्षण (ख्रिस्ती साधना)

आत्मपरीक्षण म्हणजे पवित्र शास्त्राच्या प्रकाशात आणि प्रार्थनापूर्वक स्वतःचे विचार, हेतू व आचरण तपासून पाहण्याची ख्रिस्ती साधना होय. दोषांची कबुली, पश्चात्ताप आणि आचरणातील बदल ही तिची प्रमुख अंगे मानली जातात.

शास्त्राधार

स्तोत्रसंहितेतील १३९ व्या स्तोत्राच्या अखेरीस भक्त आपले अंतःकरण पारखण्याची विनंती देवाला करतो. प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, असे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (११:२८) सांगितले आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील कुसळ व मुसळ यांचा दृष्टान्त परदोषांआधी स्वदोष पाहण्यास शिकवितो.

पद्धती

येशूसंघाचे संस्थापक इग्नाती लोयोला (१४९१–१५५६) यांनी या साधनेला नियमित रूप दिले. तीत कृतज्ञता, दिवसभराच्या वर्तनाचे स्मरण, क्षमायाचना आणि पुढील निश्चय असा क्रम असतो. कॅथलिक पंथात पापनिवेदनापूर्वी आत्मपरीक्षण केले जाते. प्रॉटेस्टंट पंथांत व्यक्तिगत शास्त्रवाचन व प्रार्थना यांवर अधिक भर असतो.

मराठी परंपरा

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका पाश्चात्त्य सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. या लोहमार्गावरील गोंदिया हे आज जंक्शन असून, १९९९ साली भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन झालेल्या गोंदिया जिल्ह्याचे मुख्यालय आहे. नव्या करारातील डोंगरावरील प्रवचनाने टिळक प्रभावित झाले. दीर्घ मनोमंथनानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामुळे त्यांना आप्तांचा रोष पत्करावा लागला व पत्नी लक्ष्मीबाईंपासून काही वर्षे दूर राहावे लागले.

लक्ष्मीबाई पुढे पतीकडे परतल्या, तरी सोवळेओवळे त्यांनी लगेच सोडले नाही. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने निर्माण केले, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या विचाराने काढला आणि मगच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच्या उणिवा आडपडदा न ठेवता, विनोदाने सांगितल्या आहेत.

मर्यादा

सततच्या दोषशोधनातून निराशा किंवा धार्मिकतेचा अहंकार उद्भवू शकतो. त्यामुळे कबुलीइतकेच देवाच्या क्षमेवरील विश्वासाला आणि दुखावलेल्या व्यक्तीशी समेट करण्यालाही या साधनेत महत्त्व आहे.