लोअर केलेल्या कारला व्हील स्पेसर: टायर न घासता किती मिमी चालतो?

कार लोअर केली की एक गोष्ट लगेच डोळ्यात येते. गाडी खाली बसते, पण चाकं मात्र फेंडरच्या आत दडल्यासारखी दिसतात. मग वाटतं, स्पेसर टाकून चाकं जरा बाहेर काढू. इन्स्टाग्रामवर फेंडरशी अगदी बरोबरीत बसलेली चाकं बघून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे: "दादा, किती एमएमचा टाकू?"

सरळ आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. गाडी पार्किंगमध्ये उभी असताना टायर आणि फेंडरमध्ये दिसणारी जागा ही खरी जागा नसते. टायर घासतो तो सस्पेंशन पूर्ण दबल्यावर, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर, मागे तिघं बसून गतिरोधकावरून गेल्यावर. मोजमाप त्या स्थितीत घ्यायचं आणि स्पेसरची जाडी त्यानंतर ठरवायची. बहुतेक जण उलटं करतात: आधी स्पेसर ऑर्डर करतात, मग घासतो कुठे ते शोधतात.

उदाहरणासाठी मी फोक्सवॅगन पोलो घेतोय. चाकणच्या कारखान्यात २०२२ पर्यंत बनलेली ही गाडी आपल्याकडे भरपूर लोअर होते. तिची पीसीडी ५ × १००, हबचा मधला उंचवटा ५७.१ मिमी आणि चाकाला नट नसून बोल्ट असतात, एम१४, पिच १.५. तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच.

स्पेसर नेमकं काय करतो?

हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी अॅल्युमिनियमची चकती म्हणजे स्पेसर. पातळ स्पेसर नुसता मध्ये सरकवतात आणि जास्त लांब बोल्ट लावतात. जाड स्पेसर आधी हबला बोल्टने कसतात आणि चाक त्या स्पेसरला लागतं. अनेक पीसीडींना चालावा म्हणून लांबट भोकं पाडलेला 'युनिव्हर्सल' स्पेसर मिळतो, तो घेऊच नका. तुमच्या पीसीडीचा आणि तुमच्या हबच्या मापाचाच हवा.

चाकाच्या मागच्या बाजूला ईटी असं लिहून एक आकडा असतो. ईटी म्हणजे ऑफसेट. हे जर्मन शब्दाचं लघुरूप आहे. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून किती मिमी आत आहे, ते हा आकडा सांगतो. १० मिमी स्पेसर टाकला की ईटी १० ने कमी झाल्यासारखं होतं, म्हणजे ईटी ४० चं चाक ईटी ३० सारखं बसतं.

इथे एक हिशेब बऱ्याच जणांचा सुटतो. समजा जुनी रिम ६ इंच रुंद, ईटी ४० आणि नवीन अलॉय ७ इंच, ईटी ३८. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, त्यातले १२.७ मिमी बाहेर आणि १२.७ मिमी आत. ऑफसेट २ ने घटला, म्हणून बाहेरची कड १४.७ मिमी बाहेर आली आणि आतली कड १०.७ मिमी स्ट्रटकडे सरकली. आता १० मिमी स्पेसर टाकला तर बाहेर २४.७ मिमी आणि आत फक्त ०.७ मिमी. म्हणजे अलॉय बदलतानाच निम्म्याहून जास्त काम झालेलं असतं. रुंद रिम आतून स्ट्रटला लागत असेल तर स्पेसर ही खरी गरज आहे. नुसत्या दिसण्यासाठी टाकायचा असेल तर आधी हा हिशेब मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा, कदाचित योग्य ईटीची रिम घेऊनच भागेल.

टायर कुठे घासतो?

सस्पेंशन दबत दबत जिथे थांबतं तिथे बंप स्टॉप नावाचा रबराचा किंवा फोमचा ठोकळा असतो. चाक जास्तीत जास्त किती वर जाईल हे तो ठरवतो. गाडी नुसत्या छोट्या स्प्रिंग्जवर लोअर केली आणि बंप स्टॉप तसाच ठेवला, तर चाकाची सगळ्यात वरची जागा जवळपास जुनीच राहते. फरक एवढाच, की गाडी आधीच ३०-४० मिमी खाली असल्यामुळे चाक त्या जागेवर सारखं सारखं पोचतं. पण लोअरिंग करताना बंप स्टॉप कापला असेल, किंवा कॉइलओव्हरची बॉडीच आखूड असेल, तर चाक कंपनीने ठरवलेल्यापेक्षाही वर घुसतं. गॅरेजवाल्याला हा प्रश्न जरूर विचारा: बंप स्टॉप कापला का, आणि किती?

पुढे आणि मागे प्रकरण वेगळं आहे. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. तो दबताना चाकाचा वरचा भाग थोडा आत कलतो, त्यामुळे फेंडरच्या कडेपासून जरा बचाव होतो. मात्र पुढची चाकं वळतात, आणि स्पेसरमुळे टायर वळण्याच्या अक्षापासून लांब जातो, म्हणून त्याचा फिरण्याचा घेरा मोठा होतो. मग पूर्ण वळवल्यावर टायरचा कोपरा बंपरजवळच्या किंवा मागच्या लायनरला लागतो.

मागे टॉर्शन बीम आहे. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर ती कलत नाहीत, सरळ वर जातात. शिवाय माणसं आणि सामान मागेच. म्हणून एकटे फिरताना काही आवाज नाही आणि घरच्यांना घेऊन कोकणात निघालात की पहिल्याच खड्ड्यात मागून 'खर्र' असा आवाज, हे अगदी ठरलेलं. सलग घासलं तर फेंडरची धारदार कड टायरची बाजू कापते. ट्रेडला पंक्चर निघतं, बाजूला कापलं गेलेलं टायर फेकावंच लागतं. हायवेवर वेगात असताना ते फुटलं तर गाडी आणि माणसं दोन्ही धोक्यात.

मोजायचं कसं?

गवंड्याचा ओळंबा घ्या, नसेल तर दोऱ्याला नट बांधा. गाडी सपाट जागी, चाकं सरळ. फेंडरच्या कमानीच्या सगळ्यात वरच्या टोकापासून ओळंबा सोडा आणि दोरा ते टायरच्या बाजूचा फुगवटा हे अंतर टायरच्या वरच्या भागात मोजा. खाली मोजू नका. खालचा भाग वजनाने फुगलेला असतो आणि फेंडरमध्ये जातो तो वरचा भाग. चारही चाकं मोजा, डावी-उजवी बाजू क्वचितच सारखी निघते. फेंडरची आत दुमडलेली कड किती मिमी आहे तेही बोटाने चाचपून मोजा, कारण टायर आधी तिलाच भिडतो.

हे झालं उभ्या गाडीचं माप. खरी परीक्षा गॅरेजमध्ये होते. स्प्रिंग काढून स्ट्रट बंप स्टॉपसकट परत बसवायचा, चाक लावायचं आणि जॅकने हळूहळू बंप स्टॉप दबेपर्यंत वर न्यायचं. पुढच्या चाकाला या स्थितीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं. इथे जी जागा दिसेल ती खरी. मी त्यातून किमान ५-६ मिमी शिल्लक ठेवतो, कारण वळणावर टायर बाजूला दबतो आणि बुशही थोडे हलतात. उरलेलं अंतर ही तुमच्या स्पेसरची मर्यादा. ३ मिमी निघाली तर ३, आणि शून्य निघाली तर स्पेसर नाही.

स्प्रिंग काढणं जमत नसेल तर मधला मार्ग आहे. मुलांच्या खेळातल्या क्लेची पातळ वात फेंडरच्या आतल्या कडेला चिकटवा, लायनरवर खडू फासा. मागे तीन मित्र बसवा आणि रिकाम्या जागेत गतिरोधकावरून तिरके, अगदी हळू जा. दोन्ही बाजूंनी, स्टिअरिंग वळवूनही. मग मोबाईलचा टॉर्च लावून आतले फोटो काढा. क्ले दबली असेल तर किती दबली ते कळतं. ही चाचणी बंप स्टॉपपर्यंत पोचतेच असं नाही, म्हणून इथे शिल्लक जास्त ठेवा, १० मिमी तरी.

बोल्ट: इथे कंजुषी नको

नियम सोपा आहे: मूळ बोल्टच्या दांड्याची लांबी अधिक स्पेसरची जाडी. दांडा २७ मिमी आणि स्पेसर १० मिमी, तर ३७ मिमीचा बोल्ट. आटे किमान बोल्टच्या व्यासाइतके आत गेले पाहिजेत. एम१४ ला १४ मिमी, म्हणजे १.५ च्या पिचने साडेनऊ फेरे. हाताने फिरवत मोजा. जास्त लांब बोल्टही धोकादायक, कारण मागच्या ड्रमच्या आत तो ब्रेकच्या भागांना लागू शकतो. बोल्ट कसल्यावर गाडी खाली घेण्याआधी चाक हाताने पूर्ण फिरवून बघा.

बोल्टचं बूडही बघा. फोक्सवॅगनच्या मूळ चाकांना गोल बुडाचे बोल्ट लागतात, तर बाजारातल्या बहुतेक अलॉयना शंकूच्या आकाराचे. चुकीचं बूड एका बारीक रेषेवरच टेकतं, टॉर्क लागल्यासारखा वाटतो आणि काही दिवसांत चाक ढिलं होतं.

आणखी एक बारकावा. चाक मध्यावर बसवण्याचं काम हबचा उंचवटा करतो. ८-१० मिमीचा स्पेसर तो उंचवटा जवळपास गिळून टाकतो. म्हणून स्पेसरला बाहेरच्या बाजूने स्वतःचा ५७.१ मिमीचा उंचवटा असलाच पाहिजे, नाहीतर ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरेल.

बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण साफ करा. गंजाचा एक पापुद्रासुद्धा स्पेसर तिरका बसवतो. आट्यांना ग्रीस लावू नका. बोल्ट ताऱ्याच्या क्रमाने कसा आणि पोलोला १२० न्यूटन मीटर टॉर्क रेंचनेच द्या. ५० ते १०० किमी झाल्यावर पुन्हा तपासा. दोन स्पेसर एकावर एक, हे कधीच नाही.

तरी घासतोय?

खुणा वाचा. टायरच्या बाहेरच्या खांद्यावर चकचकीत पट्टा असेल तर फेंडरची कड लागतेय, म्हणजे स्पेसर जाड झाला. ट्रेडच्या मधोमध घासल्याची खूण असेल तर स्पेसरचा दोष नाही, गाडीच जास्त खाली आहे. आतल्या बाजूला खूण असेल तर टायर स्ट्रटला लागतोय, उलट जागा कमी पडतेय. फक्त यू-टर्न घेताना आवाज येत असेल तर लायनर बघा, कधी कधी नुसती सुटलेली क्लिप असते.

उपायांत माझा क्रम ठरलेला: आधी स्पेसर पातळ करा, मग गाडी १० मिमी वर घ्या, मग टायरची रुंदी कमी करा. फेंडरची कड दुमडणं सगळ्यात शेवटी. हीट गनने रंग गरम केला तरी तो तडकू शकतो, आणि मागच्या कडेत दोन पत्र्यांचा जोड असतो. तिथे पावसाळ्याचं पाणी शिरलं की दोन वर्षांत गंज.

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी अडचण करतो.

मूळ बोल्टचा संच डिकीत स्टेपनीजवळ ठेवा. रस्त्यात चाक बदलताना स्पेसर चाकाला चिकटून निघून आला, तर लांब बोल्ट नुसत्या स्टेपनीला लावायचे नाहीत. ते थेट ड्रममध्ये घुसतील. अलॉयचे बोल्ट शंकूचे असतील तर स्टीलच्या स्टेपनीला ते तसेही चालत नाहीत. पंक्चरवाल्याला आधीच सांगा: स्पेसर आहे, हवेची गन नको, हाताने कस.