टर्मिनलमधलं ‘ते’ आणि आत्याची वेलांटी

आजची गोष्ट मुदखेडच्या आमच्या घरातून सुरू होते. रात्रीचे अकरा वाजलेले, ऑफिसचा सर्व्हर बंद, आणि मी टर्मिनलमध्ये ‘सुडो’ लिहून पासवर्ड टाकतोय. चूक. पुन्हा चूक. तिसऱ्यांदा चूक, आणि त्याने मला बाहेर काढलं. पासवर्ड तर रोजचाच! मग नुसतं ‘एलएस’ दाबलं, म्हणजे फायलींची यादी मागितली. उत्तर आलं: ‘ते: कमांड नॉट फाउंड’.

शेजारी आत्या बसली होती. म्हणाली, “काय करायलास रे? ते म्हणजे कोण?”

झालं असं होतं की, चुकून शॉर्टकट दाबला जाऊन कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर गेला होता. त्यात एलच्या बटणावर ‘त’ आहे आणि एसच्या बटणावर एक मात्रा. म्हणून ‘ते’. पासवर्ड टाकताना अक्षरं दिसत नाहीत, त्यामुळे तिथे कळायला मार्गच नव्हता. सुपर-स्पेस दाबलं, इंग्रजी परत आलं, काम झालं.

पण गंमत पुढे आहे. मराठी लेआउट चालू ठेवून मी कंट्रोल-अल्ट-एफ३ दाबलं आणि साध्या काळ्या कन्सोलवर गेलो. तिथे इंग्रजीच उमटत होतं! ‘लोकलसीटीएल स्टेटस’ दिलं तर दोन वेगळ्या ओळी दिसतात: एक कन्सोलच्या कीमॅपची, दुसरी एक्स-इलेव्हनच्या लेआउटची. बटण फक्त स्वतःचा नंबर पाठवतं. त्या नंबरचं अक्षर कोणतं, हे वरचा थर ठरवतो. कन्सोलचा थर बदलायला ‘लोडकीज’, एक्सच्या खिडक्यांचा बदलायला ‘सेटएक्सकेबीमॅप’. वेलँड असेल तर सरळ सेटिंग्जमध्ये जायचं. एका ठिकाणी बदललं म्हणून दुसरीकडे बदलेलच असं नाही.

म्हणजे बटणावरचं अक्षर हा नुसता करार आहे. आणि मराठीचा हा करार एकदा मोडून नव्याने झालाय.

पहिला करार टाइपरायटरचा. रेमिंग्टनचं इंग्रजी मशीन १८७४ मध्ये बाजारात आलं, पुढे त्याच धर्तीवर देवनागरी मशीनं झाली. १९५५ पासून गोदरेज भारतातच टाइपरायटर बनवायला लागलं. आपल्या भागात मराठी टायपिंगला महत्त्व जरा उशिरा आलं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य, कचेरीची भाषा उर्दू. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, मग १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, आणि मराठी टायपिंग म्हणजे नोकरीचा रस्ता झाला. आत्याही त्याच रस्त्याने गेली. रोज रेल्वेने नांदेडला जाऊन मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा पास झाली.

त्या मशीनवर ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग ‘क’. कारण मशीनला उच्चार कळत नाही. कागदावर डावीकडून जे आधी दिसतं ते आधी ठोकायचं.

दुसरा करार इनस्क्रिप्टचा, १९८६ चा. यात स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. ‘क’च्याच बटणावर शिफ्टने ‘ख’. आणि क्रम उच्चाराचा: आधी ‘क’, मग वेलांटी. सगळ्या भारतीय लिप्यांना हीच मांडणी. मुदखेडहून आदिलाबादच्या गाडीत बसलेला तेलुगू माणूसही त्याच बटणावर त्याचा ‘क’ दाबतो. मांडणी उत्तमच आहे, यात वाद नाही.

मग येतं १९९१. त्या वर्षी इस्की हे भारतीय मानक ठरलं, युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली (त्यातली देवनागरी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली) आणि लिनक्सही जन्मलं, ते लिनस टोरवाल्ड्सच्या फिनिश कीबोर्डसकट. पण साध्या टेक्स्ट पडद्यावर २५६, फार तर ५१२ आकार मावायचे; जोडाक्षरं बसणार कुठे? म्हणून पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड संगणकात वेगळं बसवावं लागायचं. आजही लिनक्सचा साधा कन्सोल देवनागरी नीट जुळवत नाही.

त्या रात्री आत्या म्हणाली, “आण इकडं, मी बघते.” तिने सवयीने आधी वेलांटी दाबली. पडद्यावर ठिपक्यांचं गोल रिंगण आलं. तिने हात मागे घेतला. “आता आपलं काही कामाचं नाही बाबा.”

मला ते लागलं. चूक तिची नव्हती. करार बदलला आणि तिला कुणी विचारलं नाही. मी रेमिंग्टन पद्धतीचं इनपुट मेथड टाकलं. ते आधी दाबलेली वेलांटी धरून ठेवतं, आणि अक्षर आलं की जागेवर लावतं. आत्याने ‘किती’ लिहिलं. मग थांबलीच नाही.

तर मंडळी, घरात कुणी जुनं टायपिंग शिकलेलं असेल तर त्यांना इनस्क्रिप्ट शिकवायच्या आधी ही सेटिंग शोधून द्या. भेटू पुढच्या भागात.