वॉर्डातला कॉम्प्युटर: नोकरीतल्या नर्सला नेमकं काय यायला हवं?

सीमाभागातला रुग्ण एकाच दवाखान्याचा नसतो. निपाणीचा माणूस आज बेळगावात, उद्या कोल्हापुरात, परवा मिरजेत. प्रत्येक ठिकाणी नाव वेगळ्या स्पेलिंगनं चढतं. पेनिसिलिनची ॲलर्जी एका नोंदीत असते, दुसरीत नसते. ही फट बऱ्याचदा आधी नर्सच्याच लक्षात येते, कारण सुई तिच्या हातात असते.

भारतीय नर्सिंग परिषदेच्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात इन्फर्मॅटिक्स हा आता स्वतंत्र विषय आहे. त्याआधी पास झालेल्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींना मात्र हे ड्युटीवरच शिकावं लागतं. लॉगिन आणि टायपिंग जमलं, की पुढची पायरी ही अशी.

रुग्ण तोच आहे का?
"तुम्हीच पाटील ना?" असं विचारू नका. गडबडलेला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून घ्या आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहा. नवी नोंद करण्याआधी जुनी शोधा: आडनावाची दोन-तीन स्पेलिंग, मोबाइल नंबर, आभा क्रमांक. आभा क्रमांक १४ अंकी असतो आणि राज्य बदललं तरी तोच राहतो. पण तो दिला म्हणजे सगळे जुने कागद आपोआप समोर येतात असं नाही. ते आधी जोडलेले असावे लागतात आणि रुग्णाची संमती लागते. म्हणून ॲलर्जी तोंडी विचारायचीच.

नोंद कधीची?
सकाळी ८ ला दिलेलं औषध ११ वाजता चढवलं, तर दिल्याची खरी वेळ ८ लिहा. नोंद उशिरा केली हे सिस्टीमला कळतंच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. औषध देण्याआधीच 'दिलं' अशी टिक कधीच करू नका. कालची नोट कॉपी करून आज चिकटवणं हा तर मोठा धोका: काढलेला कॅथेटर कागदावर तसाच राहतो.

पंप आणि इशारे
इन्फ्युजन पंप आपण घातलेल्या आकड्यावरच चालतो. उदाहरणार्थ, २५० मिलीत ४०० मिग्रॅ डोपामिन म्हणजे मिलीत १६०० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या रुग्णाला दर किलोला दर मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम द्यायचे तर मिनिटाला ३००, तासाला १८,००० मायक्रोग्रॅम. म्हणजेच तासाला ११.२५ मिली. हा हिशेब हातानं यायलाच हवा आणि दुसऱ्या नर्सकडून तपासून घ्यायला हवा. पॉपअप न वाचता बंद करायची सवय लागली असेल, तर निरुपयोगी इशाऱ्यांची यादी करून इन्चार्जमार्फत आयटी विभागाकडे द्या.

सिस्टीम बंद पडली तर
लाईट गेली, सर्व्हर अडकला, तरी औषधाची वेळ थांबत नाही. कोरे औषध-तक्ते आणि निरीक्षण-तक्ते कुठल्या कपाटात आहेत, हे प्रत्येक पाळीला माहीत हवं. सिस्टीम परत आली, की कोण नोंदी चढवणार हेही आधीच ठरवा. नाहीतर तोच डोस दोनदा जातो.

आकड्यांतून वॉर्ड वाचा
साधी एक्सेल शीट पुरते. महिन्यात कॅथेटरमुळे ३ जणांना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला आणि कॅथेटर-दिवस २५० झाले, तर दर १००० कॅथेटर-दिवसांना १२. नुसते '३' सांगून पुढच्या महिन्याशी तुलना होत नाही. दर काढला की होते. जादा स्टाफ किंवा साहित्य मागताना हाच आकडा बोलतो.

गुप्तता
पासवर्ड मैत्रिणीलाही देऊ नका. त्या लॉगिननं झालेली प्रत्येक नोंद तुमच्या नावावर पडते. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं सोयीचं वाटतं, पण एकदा गेलेला फोटो परत येत नाही. २०२३ साली केंद्राचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही मंजूर झाला आहे.

सुरुवात कुठून करायची? पुढच्या ड्युटीला तीन गोष्टी विचारा: दुहेरी नोंद दिसली तर कुणाला कळवायचं, चुकलेली नोंद कशी दुरुस्त करायची आणि बंद काळातले तक्ते कुठे आहेत. या तिन्हींची उत्तरं वॉर्डात सगळ्यांना पाठ असली, तर निम्मं काम झालं.