अश्वारोहण व अपंगत्व : लिस हार्टेल ह्यांचे उदाहरण

अपंगांच्या अश्वारोहणाचा इतिहास सांगताना प्राचीन ग्रीसपर्यंत मागे जाण्याचा प्रघात आहे. तथापि आधुनिक चळवळीचे मूळ १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. डेन्मार्कच्या लिस हार्टेल ह्यांस १९४४ मध्ये, गरोदर असताना, पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालील पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढण्याउतरण्यास त्यांना दुसऱ्याचा आधार लागे. असे असता हेलसिंकी येथे ‘ज्युबिली’ ह्या घोडीवर त्यांनी ड्रेसाजमध्ये, म्हणजे शिस्तबद्ध अश्वचालनात, रौप्यपदक मिळविले. १९४८ पर्यंत ही स्पर्धा केवळ सैनिकी अधिकाऱ्यांची होती. स्त्रियांस प्रवेश मिळाला तो १९५२ मध्येच. १९५६ मध्ये स्टॉकहोम येथे त्यांनी पुन्हा रौप्यपदक पटकाविले.

ह्या यशाने त्यांचे पाय बरे झाले नव्हते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. जे पायांनी सुचवावयाचे, ते त्या शरीराचा भार व पाठ ह्यांच्या योगे सुचवीत. घोडा बरा करतो, आणि पंगू मनुष्य उत्तम स्वार होऊ शकतो, ही दोन भिन्न विधाने होत. हार्टेल ह्यांचे उदाहरण दुसऱ्याचाच पुरावा होय. पहिल्याचा आधार निराळा : चालत्या घोड्याची पाठ स्वाराच्या कटिभागास मनुष्याच्या चालीसारखीच गती देते. १९६९ मध्ये ब्रिटन व उत्तर अमेरिका येथे संघटना स्थापन झाल्या, त्यांनी दोन्ही सूत्रे एकत्र स्वीकारली.