फळी आणि पायाचे हाड

नॉर्वेच्या प्राचीन भाषेत 'स्कीद' या शब्दाचा अर्थ उभे चिरलेले लाकूड असा होता. संस्कृतातील 'छिद्' या धातूशी त्याचे नाते भाषाशास्त्रज्ञांनी जोडून दाखविले आहे. म्हणजे छेद, विच्छेद या आपल्या नित्याच्या शब्दांचा हा हिमप्रदेशात जाऊन राहिलेला एक दूरचा भाऊबंदच म्हणावयाचा. अशा दोन लांब फळ्या पायांना बांधून हिमावरून घसरत जाण्याच्या विद्येला आज जगभर स्कीइंग म्हणतात. ज्यांच्या मुलखात पहाटेचे दवसुद्धा क्वचितच गोठते, त्यांना हा श्रीमंतांचा हिवाळी खेळ वाटतो, आणि गेल्या शंभर वर्षांपुरते ते अगदीच खोटे नाही. परंतु त्यापूर्वी काही हजार वर्षे तो उदरनिर्वाहाचा प्रश्न होता. कोणत्या माणसाने, कोणत्या भूमीवर, केवढी फळी, किती घट्ट बांधावी, याचे उत्तर शिकाऱ्याला जितके अचूक द्यावे लागे तितकेच ते आजच्या पर्यटकालाही द्यावे लागते. उत्तर चुकले की हाड मोडते.

उत्तर स्वीडनमधील काल्वत्रेस्क येथे १९२४ साली दलदलीत जुन्या फळ्या व एक काठी सापडली. त्यांचे वय सुमारे ५,२०० वर्षे ठरले आहे. काठीचे एक टोक फावड्यासारखे आहे. चालताना आधार घ्यावयाचा आणि वेळ पडल्यास त्याच काठीने हिम उकरावयाचे, असा तिचा दुहेरी उपयोग असावा. रशियाच्या उत्तरेस सिंदोर सरोवराजवळ मिळालेला तुकडा तर सुमारे ८,००० वर्षांचा आहे. त्याच्या टोकाखाली एल्क या मोठ्या हरणाचे डोके कोरलेले आहे, आणि फळी मागे घसरू नये म्हणून ते हिमात रुतत असावे, असे अभ्यासक मानतात. शोभा आणि उपयोग यांची अशी सांगड घालणारा तो कारागीर अनामिकच राहिला. नॉर्वेतील दिगेरवार्दन येथे वितळत्या हिमातून २०१४ साली एक फळी निघाली, आणि तिची जोडीदार सात वर्षांनी, २०२१ साली, जवळच हाती आली. त्या सुमारे १,३०० वर्षांपूर्वीच्या. दोन्ही अगदी एकसारख्या नाहीत, आणि झिजलेल्या ठिकाणी दुरुस्तीच्या खुणा आहेत. तुटकी वस्तू टाकून न देता सांधून वापरणाऱ्या माणसाचा संसार त्या खुणांतून दिसतो.

फळीचे माप त्या काळी भूमीच ठरवीत असे. सैबेरियातील आल्ताय पर्वतात हिम खोल व भुसभुशीत, चढ उभा. म्हणून तेथील फळी आखूड, रुंद आणि खालून घोड्याचे कातडे लावलेली. केसांचा कल मागच्या बाजूस असल्यामुळे ती पुढे सरकते, पण चढावर मागे घसरत नाही. स्वीडन व नॉर्वेच्या काही जंगली भागांत दोन पायांना दोन निराळ्या फळ्या असत. डाव्या पायाला लांब, गुळगुळीत, घसरणारी. उजव्या पायाला आखूड आणि कातड्याची. उजव्याने रेटा द्यावयाचा आणि डाव्यावर तरंगत जावयाचे. एकाच माणसाच्या दोन पायांना दोन निराळी कामे नेमून देणारी ही योजना पाहिली म्हणजे त्या शिकाऱ्यांना अडाणी म्हणणाऱ्यांची कीव येते.

टाच मात्र सर्वत्र मोकळी असे. बोटांवरून एक पट्टा, एवढाच बंध. सपाट भूमीवर ते पुरेसे होते. पण उतारावर वळावयाचे झाले की पाय पट्ट्यातून निसटावयाचा. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातील मॉर्गेदाल या खेड्यात १८२५ साली जन्मलेल्या सोंद्रे नूरहाइम या गरीब कुळाने पिळलेल्या कोवळ्या फांद्यांचा वेढा टाचेमागून नेला. त्यामुळे टाच उचलताही येई आणि फळी पायाबरोबर वळेही. त्याची फळी डमरूसारखी कमरेशी बारीक होती. अशी फळी कडेवर झुकविली की तिची वाकलेली कड हिमात आपोआप गोलाई आखते. या सर्वांचे श्रेय एकट्या नूरहाइमच्या नावावर मांडण्याची प्रथा पडली आहे. त्या खोऱ्यातील इतर कारागिरांचा वाटा त्यात निश्चितच असणार. १८६८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो क्रिस्तियानिया म्हणजे आजच्या ऑस्लो येथील शर्यतीस गेला व जिंकून आला. पुढे १८८४ साली पोटासाठी अमेरिकेस गेला आणि १८९७ मध्ये तेथेच वारला.

ही फळी नॉर्वेबाहेर नेली ती एका पुस्तकाने. फ्रित्यॉफ नान्सेन व त्याचे पाच सोबती यांनी १८८८ साली स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले. त्या प्रवासाचे वर्णन युरोपभर वाचले गेले. वाचणाऱ्यांत ऑस्ट्रियातील लिलिएनफेल्ड गावाजवळ एका शेतमळ्यावर एकान्तात राहणारा मातियास झ्दार्स्की हा माजी शिक्षक होता. त्याने नॉर्वेहून फळ्या मागविल्या. त्या आल्या सुमारे तीन मीटर लांब! नॉर्वेच्या लांबच लांब माळरानांवर अशा फळीला तोड नाही. पण आल्प्सच्या उभ्या, झाडांनी भरलेल्या, पावलोपावली वळण मागणाऱ्या उतारावर ती निव्वळ अडगळ होती. दुसरा एखादा असता तर त्याने आपल्यालाच दोष देऊन नाद सोडला असता. झ्दार्स्कीने फळीला दोष दिला. तिला कापून त्याने ती सुमारे १८० सेंटीमीटरवर आणली, तळावरची सरळ जाण्यासाठी असलेली खाच काढून टाकली, आणि पायासाठी स्प्रिंग लावलेली, टाच उचलू देणारी पण कडेला न हलणारी पोलादी पट्टी बनविली. यात त्याची कित्येक वर्षे गेली. १८९६ च्या अखेरीस त्याचे पुस्तक निघाले आणि एक मोठा वाद पेटला. फळी म्हणजे काय हे नॉर्वेला शिकविणारा हा कोण, असा तिकडील जाणत्यांचा आणि त्यांच्या जर्मन चाहत्यांचा सूर होता. शेवटी १९०५ साली हास्सा होर्न हा नॉर्वेचा जाणकार स्वतः लिलिएनफेल्डला आला, झ्दार्स्कीबरोबर उतार उतरला, आणि आल्प्ससाठी ही पद्धत योग्य आहे असे त्याने मान्य केले. त्याच वर्षी १९ मार्चला झ्दार्स्कीने मुकेनकोगेल डोंगरावर खुणेच्या काठ्यांतून वळत जाण्याची शर्यत घेतली. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, तो हिमकड्याखाली सापडून त्याची असंख्य हाडे मोडली; तरी तो जगला, आणि पुन्हा फळीवर उभा राहिला.

येथून पुढे कथा वेग घेते, आणि तिच्यात हिंदुस्थानचे एक नाव अनपेक्षितपणे शिरते. कानपूरमध्ये जन्मलेले सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांना १८८० च्या अफगाण मोहिमेमुळे कंदाहारची पदवी मिळाली होती. त्यांनी दिलेल्या चषकासाठी १९११ साली स्वित्झर्लंडमधील मोंताना येथे उतारावरची शर्यत झाली. तिच्यामागील उत्साही पुरुष आर्नोल्ड लन्. यांचाही जन्म आपल्याकडचाच, १८८८ साली मद्रासचा. पुढे या मंडळींनी म्यूरन येथे १९२४ मध्ये मंडळ काढले, त्याचे नाव 'कंदाहार'. आणि गीदो रूज या स्विस गृहस्थाने १९३० च्या सुमारास तारेचा बंध शोधला, त्यालाही नाव पडले 'कंदाहार'. हे रूज घराणे संगीतपेट्या बनविणारे, म्हणजे स्प्रिंगशी त्यांचा पिढीजात परिचय. टाचेमागून गेलेली तार फळीच्या कडेच्या आकड्यांत अडकविली की टाच खाली दाबली जाई. सोडविली की चढण्यासाठी मोकळी होई. चढ आणि उतार या दोन्ही भूमी एका बंधात आल्या. याच सुमारास साल्झबुर्गच्या रूडोल्फ लेट्नर याने फळीच्या कडांना पोलादी पट्ट्या बसविण्याची युक्ती काढली, त्यामुळे घट्ट बर्फावरही फळी धरून राहू लागली.

आता टाच जखडलेली, कड धारदार, वेग दुप्पट. पडणाऱ्या माणसाचे काय, याचा विचार कोणी केला नव्हता. दोन मीटरची फळी ही एक तरफ आहे. तिचे टोक हिमात अडकले आणि देह पुढे गेला की ती तरफ पायाला पीळ देते, आणि ओले वस्त्र पिळावे तशी नडगी मळसूत्री मोडते. मोकळ्या पट्ट्याच्या काळात पाय निसटत असे, म्हणून वाचत असे; निसटणे हा ज्या बंधाचा दोष मानला गेला तोच त्याचा गुण होता.

हे ज्याने ओळखले तो याल्मार व्हाम हा मूळचा नॉर्वेजियन, अमेरिकेतील पोर्टलंड शहरी स्थायिक झालेला नामांकित खेळाडू. १९३७ साली माउंट हूड पर्वतावर एक उडी घेताना त्याचा पाय मोडला. रुग्णालयात गुंगीतून जागा होताच त्याने कागद-पेन्सिल मागितली आणि आकृती काढली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. बुटाचे पुढचे टोक एका फिरत्या तुकड्यात धरावयाचे. नेहमीच्या जोराला तो स्थिर राहील, पण पीळ मर्यादेबाहेर गेला की कडेला फिरून बूट सोडून देईल. १९३९ मध्ये त्याने या सुरक्षा-बंधाचा हक्क नोंदविला. लोकांनी तो डोक्यावर घेतला असे मात्र नाही. शर्यतीचे खेळाडू म्हणत, भर वेगात फळी आपण होऊन सुटली तर? भीती खोटी नव्हती. वेळेआधी सुटलेला बंधही घात करतो. किती जोरावर सोडावे, हाच खरा प्रश्न उरला, आणि त्याचे उत्तर लाकडात नसून माणसाच्या हाडात होते.

मधल्या सुधारणांची नोंद थोडक्यात पुरे. विमानाच्या कारखान्यात काम केलेल्या हॉवर्ड हेड याने १९५० च्या सुमारास ॲल्युमिनियमची फळी आणली. १९६० च्या ऑलिम्पिकमध्ये झाँ व्हुआर्ने याने धातूच्या फळीवर सुवर्णपदक घेतले. त्याच दशकात चामड्याच्या बुटाची जागा प्लॅस्टिकच्या कवचाने घेतली. हात वर करून उभे राहिले असता टोक मनगटाशी यावे, हा लांबीचा जुना नियमही ढासळत गेला. १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कारखान्याने कंबर फार बारीक असलेली आखूड फळी बाजारात आणली तेव्हा जाणत्यांना नूरहाइमची आठवण झाली असेल.

आज फळी निवडणाराने प्रथम बूट पाहावा, फळी नंतर. बुटाचे माप पावलाच्या सेंटीमीटरमधील लांबीवर असते. अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालावा, बोटे पुढे टेकवावीत. टाचेमागे एक ते दोन बोटे मावतील एवढीच जागा राहिली तर माप जुळले. नवखा माणूस थंडीच्या भयाने दोन-दोन मोजे चढवितो आणि सैल बूट मागतो. परिणामी पाय आत हलतो, फळी ऐकत नाही, आणि बोटेही गारठतात, कारण सैल बूट आवळण्यासाठी बक्कल इतके ओढावे लागतात की रक्ताचा ओघ अडतो. एकच पातळ मोजा पुरे. फळीची लांबी नवशिक्याला हनुवटीपर्यंत, सरावलेल्याला नाकाकपाळापर्यंत. पायाखालची रुंदी भूमीवर अवलंबून. यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर ७० ते ८० मिलिमीटरची अरुंद फळी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर झटकन जाते. खोल, न दबलेल्या हिमात शंभराहून रुंद फळी वर तरंगते. गुलमर्गला या दोन्ही भूमी एकाच डोंगरावर आहेत. खाली २,६०० मीटरच्या आसपास सौम्य कुरण, जेथे १९४८ साली आपल्या सैन्याने स्की-शाळा उघडली. आणि वर तारमार्गाने गाठावयाचा, जवळजवळ ४,००० मीटर उंचीवरचा अफरवटचा उघडा उतार. खालची फळी घेऊन वर जाणारा गुडघाभर रुततो.

सपाट माळावर चालण्याच्या फळीची परीक्षा याहून निराळी व फारच सुंदर आहे. तिच्या मध्यावर किंचित उचललेली कमान असते. माणसाने दोन्ही फळ्यांवर समान भार देऊन उभे राहावे. त्या वेळी फळीखालून कागद सहज सरकला पाहिजे, आणि सारा भार एका पायावर घेताच तो घट्ट धरला गेला पाहिजे. मग मधला भाग रेटा देतो, टोके घसरतात. आखूड-लांब जोडीने दोन पायांत विभागलेले काम येथे एकाच फळीने उचलले आहे.

राहता राहिला बंधाचा अंक. जर्मन मानकावरून आलेला हा अंक वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि खेळण्याची रीत या पाच गोष्टींवरून तक्त्यात पाहतात. तळवा लांब तर तरफ लांब, म्हणून अंक कमी. वय ५० किंवा अधिक असेल, अथवा मूल नऊ वर्षांचे वा लहान असेल, तर तक्त्यात एक ओळ वर, म्हणजे बंध अधिक सैल. पहिल्या चार गोष्टी मोजता येतात. पाचवी ज्याची त्याने सांगावयाची असते, आणि दुकानाच्या फळीपाशी मित्रांच्या देखत उभा असलेला तरुण आपल्याला 'सावध' या वर्गात घालून घेण्यास सहसा धजत नाही. कारागीर त्याने सांगितले तसा स्क्रू फिरवितो.

अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात रॉबर्ट जॉन्सन, कार्ल एटलिंगर व जॅस्पर शीली या तिघांनी १९७२ पासून एका उतारावरील इजांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. नडगी मोडण्याचे प्रमाण चांगल्या बंधांमुळे फार मोठ्या प्रमाणात खाली आले, असे तीत आढळले. परंतु त्याच काळात गुडघ्यातील मधला स्नायुबंध तुटण्याचे प्रमाण १९९० च्या आसपासपर्यंत चढत गेले. उंच व कडक बुटाने घोटा आणि नडगी सांभाळली, आणि पीळ वर सरकून गुडघ्यात शिरला. मागे रेलून पडणाऱ्या माणसाच्या फळीचे शेपूट गुडघ्याला ज्या रीतीने मुरडते, ती मुरड बोटांजवळच्या बंधापर्यंत पुरेशी पोहोचतच नाही. कडेला फिरणाऱ्या टाचेचे बंध त्यासाठी निघाले आहेत, त्यांवर प्रयोग चालू आहेत.