जपमाळेचा हिशेब

पेडणे आणि डिचोली हे गोमंतकाच्या उत्तर भागातील दोन तालुके. तेथील जुन्या घरांच्या देवघरात, शंख आणि शाळिग्राम यांच्या शेजारी, कापडाची एक लहानशी पिशवी अद्यापही आढळते. गाईच्या मुखासारखा आकार असल्यामुळे तिला गोमुखी म्हणतात. तिच्यात उजवा हात घालून जप करावयाचा आणि आतली माळ कोणाच्या दृष्टीस पडू द्यावयाची नाही, असा दंडक आहे. घरात कोणी दीर्घकाळ अंथरुणाला खिळले, मुलीचे लग्न जुळेना किंवा जमिनीचा तंटा मिटेना, म्हणजे पत्रिका जोश्याकडे जाते. तो कुंडली पाहतो, साडेसाती चालू असल्याचे सांगतो आणि शेवटी एक आकडा उच्चारतो: तेवीस हजार. या आकड्याची आणि तो मोजणाऱ्या माळेची कथा वरवर पाहता धर्मविधीची आहे. परंतु थोडे खोल शिरले, तर माणसाच्या दुःखाचा हिशेब कोणी ठेवावयाचा, असा प्रश्न तिच्या मुळाशी असल्याचे दिसून येते.

प्रथम माळेकडे पाहू. तिच्यात एकशे आठ मणी असतात आणि त्यांची दोन टोके जेथे जुळतात तेथे एक जास्तीचा मणी असतो. तो मेरू. अंगठा आणि मधले बोट यांनी मणी ओढावयाचे, तर्जनीचा स्पर्श होऊ द्यावयाचा नाही. मेरूपाशी आले की तो ओलांडावयाचा नाही. माळ फिरवून आल्या वाटेने परतावयाचे. एका माळेचे जप मात्र शंभरच धरण्याची रीत आहे. वरचे आठ चुकले-माकले, उच्चारात राहिले, मन भटकले, त्यांच्यासाठी सोडून द्यावयाचे. म्हणजे तेवीस हजारांसाठी दोनशे तीस माळा. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून केलेला असा व्यवहारी हिशेब धर्मशास्त्रात सापडावा, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

एकशे आठ या संख्येचे अनेक अर्थ लावले जातात. त्यांपैकी ज्योतिषाला जवळचा अर्थ असा: नक्षत्रे सत्तावीस, प्रत्येकाचे चरण चार, मिळून एकशे आठ. बारा राशींना प्रत्येकी नऊ नवमांश दिले, तरी बेरीज तीच येते. मूल जन्माला आले की चंद्र कोणत्या चरणात आहे ते पाहून अवकहडा चक्रावरून त्याच्या नावाचे आद्याक्षर काढतात. या हिशेबाने पाहिले, तर माळेचे एकशे आठ मणी म्हणजे आकाशाची एक फेरी, आणि प्रत्येक माणूस जन्मतः त्यांतील एकेका मण्यावर उभा आहे. जोश्याच्या हाती माळ शोभते ती यामुळे.

नवग्रहांपैकी प्रत्येकाच्या जपाची संख्या परंपरेने ठरलेली आहे. महाराष्ट्रात आणि कोकणात सामान्यतः रवीचे सात हजार, चंद्राचे अकरा हजार, मंगळाचे दहा हजार, बुधाचे चार हजार, गुरूचे एकोणीस हजार, शुक्राचे सोळा हजार, शनीचे तेवीस हजार, राहूचे अठरा हजार आणि केतूचे सतरा हजार असे जप सांगतात. जपाच्या दशांशाने हवन व्हावे, असाही नियम आहे. शनीसाठी शमीच्या, गुरूसाठी पिंपळाच्या, शुक्रासाठी औदुंबराच्या समिधा. राहूला दूर्वा आणि केतूला दर्भ. या समिधांची यादी याज्ञवल्क्य स्मृतीच्या ग्रहशांती प्रकरणात आलेली आहे, म्हणजे ती पुष्कळच जुनी होय.

तथापि, मंत्र त्याहूनही जुने आहेत, आणि येथे इतिहासाचे एक कोडे उलगडते. शनीसाठी जो वैदिक मंत्र योजिला आहे, तो ऋग्वेदात जलदेवतांना उद्देशून आहे. त्याचा आरंभ ‘शं’ या ध्वनीने होतो, एवढेच त्याचे शनीशी नाते. केतूचा मंत्र मुळात इंद्रसूक्तातला. म्हणजे सूक्ते आधीची. सात वार आणि बारा राशी यांना धरून चालणारी ग्रहपूजा मागाहून आली. ख्रिस्तोत्तर पहिल्या काही शतकांत ग्रीकांचे फलज्योतिष भारतात रुजले. सहाव्या शतकातील वराहमिहिराने तर यवनही या शास्त्रात ऋषींप्रमाणे पूज्य ठरतात, असे मोकळेपणाने मान्य केले आहे. नवे ग्रह आले, तेव्हा पुरोहितांनी नवे मंत्र रचण्यापेक्षा ध्वनिसाम्य पाहून जुने मंत्र त्यांच्या स्वाधीन केले. राहू आणि केतू हे तर पिंडही नव्हेत. चंद्राची वाट आणि सूर्याची वाट जेथे एकमेकींना छेदतात ते दोन बिंदू होत. ग्रहणे छायेमुळे घडतात, हे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्येच लिहून ठेविले होते. तरीही राहूचे अठरा हजार जप थांबले नाहीत.

ते का थांबले नाहीत? आकड्यात धीर असतो, हे त्याचे एक कारण. ज्याच्या दुःखाला अंत दिसत नाही, त्याला कोणी अमुक इतके ऋण आहे आणि ते अमुक इतक्या दिवसांत फिटेल असे सांगितले, की निम्मा भार तेथेच उतरतो. ग्रह ऐको वा न ऐको, माणसाला दिवस ढकलण्यासाठी काहीतरी मोजावयास मिळते.

परंतु मोजावयाचे कोणी? एका आवर्तनाला आठ सेकंद धरले, तरी तेवीस हजारांना सुमारे एक्कावन्न तास लागतात. रोज सहा तास बसणाऱ्याला नऊ दिवस हवेत. कलियुगात चौपट जप करावा, असे म्हणणाऱ्यांचे ऐकले तर महिना उलटून जाईल. कष्टकरी गृहस्थाला हे कोठून साधणार? म्हणून तो संकल्प सोडतो, आपले नाव व गोत्र उच्चारतो आणि ब्राह्मणाला अनुष्ठानास बसवितो. पुण्य यजमानाचे, बोटे ब्राह्मणाची; शिधा आणि दक्षिणा देऊन हिशेब पुरा होतो. गोमंतकातील गावकरी संस्थेत देवळाच्या सेवेकऱ्यांना जमिनी तोडून दिलेल्या असत. दुसऱ्याच्या वतीने जप मोजणे हा अशा गावव्यवस्थेतला एक मान्य व्यवसाय होता.

या व्यवस्थेवर सोळाव्या शतकात घाला पडला. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी बेट जिंकले. १५४० च्या सुमारास तेथील देवळे पाडण्यात आली आणि १५४१ मध्ये देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळविण्यात आले. १५६० मध्ये धर्मन्यायासन, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाले. मधली काही वर्षे सोडता ते १८१२ पर्यंत चालले. १५६७ मध्ये साष्टी आणि बारदेश येथील देवळे उद्ध्वस्त झाली आणि त्याच वर्षी भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने हिंदू विधींच्या आणि ते चालविणाऱ्यांच्या विरोधात कठोर ठराव केले. १७३६ च्या जाहीरनाम्याने तर अंगणातल्या तुळशीलाही मनाई केली. लग्नमुंजीसारखे विधी करण्यासाठी लोकांना हद्दीबाहेर जावे लागे. ज्या धर्माने दया शिकविली, त्याच्या नावाने चाललेल्या सत्तेने हे केले, ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही.

हद्दीबाहेर म्हणजे कोठे? बारदेशाच्या उत्तरेला शापोरा नदी ओलांडली की पेडणे लागे. पूर्वेच्या बाजूस डिचोली. तिसवाडीतल्या दिवाडी बेटासमोर, पाण्याच्या पलीकडे, डिचोली महालातले नार्वे. दिवाडी बेटावरचा सप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे आराध्यदैवत. त्याचे देऊळ मोडल्यावर लिंग नार्व्याला आणून स्थापिले गेले आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. तसा शिलालेख तेथे आहे. सप्तर्षींनी सात कोटी वर्षे तप केले म्हणून हे नाव पडले, असे स्थलपुराण सांगते. ज्याच्या नावातच मोजणी आहे, असा देव पाण्याच्या एका पट्ट्यामुळे वाचला.

डिचोली १७८१ मध्ये, सत्तरी १७८२ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे कायमचे आले. परंतु तोपर्यंत काळ पालटला होता. नव्या काबिजादींतील प्रजेचा धर्म आणि रीतिरिवाज यांना हात लावणार नाही, असे सरकारला वचन द्यावे लागले, आणि १८८० च्या कायद्याने हिंदूंच्या रूढी रीतसर मान्य झाल्या. म्हणून पेडण्याची पुनव, डिचोलीचा नवा सोमवार, शिरगावच्या लईराईची जत्रा या गोष्टी अखंड राहिल्या. आणि देवघरातली गोमुखीही राहिली.

नदीच्या अलीकडे काय झाले? तेथेही माळ होतीच. जुन्या गोव्याच्या टेकडीवर, जेथून आल्बुकेर्कने १५१० ची लढाई पाहिली असे म्हणतात, तेथे रोझरी मातेचे चर्च १५४० च्या दशकात उभे राहिले. युरोपात निरक्षर भाविकांना दीडशे स्तोत्रे वाचता येत नसत. त्याऐवजी ते दीडशे वेळा मरियेची प्रार्थना म्हणत आणि मण्यांवर मोजत. त्या दीडशेचा तिसरा भाग म्हणजे पन्नास. पोर्तुगीज भाषेत तिसऱ्या भागाला ‘तेर्सु’ म्हणतात. त्यावरून गोव्याच्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळच्या प्रार्थनेला ‘तेर्स’ हे नाव पडले. त्या माळेत एकोणसाठ मणी असतात. १८५० नंतरच्या काळात आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताने एक तर्क मांडला होता: ‘जपमाळा’ हा शब्द जपाकुसुमाची, म्हणजे जास्वंदीची माळ असा समजला गेला आणि त्यातून ‘रोझरी’ हे फुलांशी जोडलेले नाव आले. हा तर्क सिद्ध झालेला नाही. परंतु मुसलमानांची तसबीह, बौद्धांची एकशे आठ मण्यांची माळ आणि ही रोझरी एका ओळीत ठेवून पाहिली, की प्रार्थना करणाऱ्या माणसाची बोटे सर्वत्र सारखीच असल्याचे मान्य करावे लागते.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. तेर्सासाठी कोणाला वर्णी द्यावी लागत नाही. दिवेलागणीला घरातले वडीलधारे सुरुवात करतात आणि मुलेबाळे उत्तरार्ध म्हणतात. ज्याची त्याची माळ ज्याच्या त्याच्या हातात. परंतु हे वेगळेपण केवळ नदीच्या अलीकडचेच, असे मानणे चूक ठरेल. पलीकडच्या तीरावरही याच प्रश्नाला उत्तर मिळाले होते, आणि ते पेडण्याच्या मातीशी नाते सांगणाऱ्या एका पुरुषाने दिले होते.

सोहिरोबानाथ आंबिये यांचा जन्म १७१४ मध्ये बांद्याला झाला. आंबिये घराण्याचे मूळ गाव पेडणे महालातले पालये. घरात बांद्याचे कुळकर्णीपण होते, म्हणजे गावाचा हिशेब ठेवणे हाच पिढीजात धंदा. सावंतवाडी दरबाराचे बोलावणे आल्यावर वाटेत इन्सुलीच्या रानात गहिनीनाथांनी दर्शन दिले आणि त्यांनी वृत्ती सोडली, अशी आख्यायिका आहे. नाथपंथाची शिकवण अजपा जपाची. माणूस मिनिटाला सुमारे पंधरा श्वास घेतो, दिवसाला एकवीस हजार सहाशे; प्रत्येक श्वासात ‘सोऽहम्’ आपोआप उमटत असते, त्याकडे लक्ष द्यावे, म्हणजे वेगळी माळ नको. एकवीस हजार सहाशे म्हणजे नेमक्या एकशे आठांच्या दोनशे माळा. आकाशावरून काढलेला आकडा असा देहातच सापडला. ‘महदनुभवेश्वरी’, ‘सिद्धांतसंहिता’ यांसारखे ग्रंथ मागे ठेवून सोहिरोबानाथ उत्तरेत गेले आणि १७९२ मध्ये उज्जैनला अदृश्य झाले, असे सांगतात. पेडण्याजवळील विर्नोडा येथील सरकारी महाविद्यालयाला त्यांचे नाव दिलेले आहे.

जोश्याचा आकडा सोहिरोबांच्या पंथाने खोडून टाकला नाही. तो फक्त यजमानाच्या स्वतःच्या श्वासात आणून ठेवला. तेथे दुसऱ्याला बसविण्याची सोयच उरत नाही, आणि म्हणून दक्षिणेचाही प्रश्न उरत नाही. सामान्य संसारी माणसाला ही वाट अवघड खरी. त्याला अनुष्ठान सोपे वाटते, आणि त्याबद्दल त्याला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. संकटात माणूस जे हाताशी येईल ते धरतो. मात्र आज अनुष्ठानाचे पैसे घरबसल्या पाठविता येतात आणि आवर्तने मोजणारी यंत्रेही बोटात घालता येतात. अशा वेळी जुन्या घरातली ती गोमुखी खाली काढून पाहावी. तिच्यातल्या मण्यांच्या कडा पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोटांनी झिजून गुळगुळीत झालेल्या असतात. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढणाऱ्या आईने, दर्यावर गेलेल्या माणसाची वाट पाहणाऱ्या म्हातारीने त्या झिजविलेल्या असतात. त्यांनी किती माळा ओढल्या, याची नोंद कोणत्याही कुळकर्ण्याच्या दप्तरात नाही. शापोऱ्याच्या दोन्ही तीरांवर, गोमुखीत आणि तेर्साच्या पेटीत, ती नोंद तेवढी मण्यांवर राहिली आहे.